आशियापासून रामानुजनपर्यंत

बंगळूर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वंशावळ मद्रासच्या जुन्या वेधशाळेपर्यंत जाऊन भिडते. त्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन हे सरकारी ज्योतिर्विद असताना १७ एप्रिल १८६१ रोजी त्यांना एक नवा लघुग्रह गवसला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ‘आशिया’ ठेवण्यात आले. त्याचा क्रमांक ६७.

दुर्बिणीतून लघुग्रह एखाद्या मंद ताऱ्याहून निराळा दिसत नाही. त्याचे सोंग उघडे पडते ते त्याच्या चालीने. रात्रीमागून रात्र आकाशाचा तोच तुकडा नकाशाशी ताडून पाहावा, तेव्हा कोठे एखादा ठिपका जागा सोडून सरकलेला आढळतो. पण ठिपका दिसणे हा निम्माच शोध होय. निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या निदान तीन वेधांवरून त्याची कक्षा मांडावी लागते. नाहीतर सूर्याच्या तेजात दडलेला हा पाहुणा पुन्हा कोठे उगवेल, हे कोणासच सांगता येत नाही. आशियाची कक्षा मंगळ व गुरू यांच्या दरम्यान आहे. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या २.४२ पट, अर्थात केप्लरच्या नियमानुसार त्याची प्रदक्षिणा सुमारे ३.७७ वर्षांची.

पॉगसन यांना मद्रासहून १८८५ मध्ये ‘व्हेरा’ सापडला, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ भारतातून एकही नवा लघुग्रह नोंदला गेला नाही. १८९९ मध्ये कोडाईकॅनॉलची वेधशाळा उभी राहिली व लक्ष सूर्याकडे वळले. सूर्याचा अभ्यास फळाला आला हे खरे. परंतु रात्रीच्या आकाशावरील पहारा तेवढा सुटला.

तो पुन्हा बसला कावळूरला. तमिळनाडूतील जव्वादी डोंगरात बंगळूरच्या संस्थेची वेधशाळा आहे. तेथे आर. राजमोहन यांनी ‘कल्की’ या योजनेखाली श्मिट दुर्बिणीने आकाशाची छायाचित्रे घेतली, आणि १९८८ च्या जानेवारीत एक व १७ फेब्रुवारीस दुसरा लघुग्रह हाती लागला. गंमत अशी की, क्रमांक मिळाले उलट क्रमाने. कारण कक्षा पुरती निश्चित झाल्यावाचून क्रमांक देत नाहीत. फेब्रुवारीतला ४१३० क्रमांकाचा ‘रामानुजन’ झाला. जानेवारीतल्याला मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. त्याला ८३४८ हा क्रमांक आणि शोधाच्या वेळी संस्थेचे संचालक असलेल्या भट्टाचार्य यांचे नाव मिळाले.