काथ्याने शिवलेली नौका

सौंसर-पांढुर्णा भागातील मोहगावच्या आमच्या वाचकांस सागवान परिचयाचे. सागर मात्र शेकडो कोस दूर. नौकाबांधणीचा इतिहास आपण का वाचावा, असे त्यांनी विचारल्यास आम्ही अजिंठ्याकडे बोट दाखवू. वाघूर नदीच्या दरीत, किनाऱ्यापासून इतक्या दूर, तेथील दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे.

पाचव्या शतकातील या जहाजचित्राच्या आधारे गोव्यात एक नौका घडविण्यात आली. केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली आणि आग्नेय आशियात गेलेल्या कौंडिण्य या पुराणप्रसिद्ध दर्यावर्दीचे नाव तिला देण्यात आले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदराहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ती मस्कतला पोचली. तिच्या शिडावर गंडभेरुंड आहे, हे पाहून गोव्याच्या कदंबांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच.

परंतु चित्रात जहाजाची आकृती दिसते. फळीला फळी कशी सांधली, ते दिसत नाही. मद्रासच्या आयआयटीने प्रतिकृती पाण्यात तपासली खरी, तथापि फळ्या शिवावयास केरळचे कारागीर बाबू शंकरन् आणि त्यांचे सहकारीच लागले. या पद्धतीत आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकीत नाहीत. वाफेने वाकविलेल्या फळ्यांच्या कडांना भोके पाडतात, सांध्यावर नारळाच्या सोडणाची गादी ठेवतात आणि काथ्याच्या दोरीने ती आवळून शिवतात. आतल्या फासळ्या मागाहून बसवितात. वर राळ आणि माशाचे तेल. लोखंडी खिळा नाही. हुर्मुझ बंदरात अशी जहाजे पाहून मार्को पोलोने नाके मुरडली होती. पण लाटेबरोबर किनाऱ्याच्या वाळूवर आपटणाऱ्या होडीस ताठरपणा घातक असतो. शिवलेले अंग थोडे लवते आणि धक्का सोसते. शिवाय खिळ्यास गंज लागतो, काथ्यास लागत नाही. मार्को पोलोस हे कोणी समजावून सांगितले नसावे!

गोव्याच्या रांपणकारांची होडी याच कुळातली. किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात जाळे सोडीत जाणारी ती होडी काथ्यानेच शिवीत असत. तिचा आराखडा कागदावर नव्हता. तो बांधणाऱ्याच्या नजरेत होता. ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असे नव्हे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर हौसेखातर समुद्रात मासे धरणाऱ्यांसाठी वॉरन ओनील व त्यांच्यानंतरच्या कारागिरांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या लाकडी नौका घडविल्या, त्याही बहुधा नजरेच्या मापानेच. नाळेकडे बाहेर झुकलेल्या त्यांच्या कडेचे आज तेथे मोठे कौतुक होते. धनिकांच्या खेळाची होडी कौतुकास पात्र ठरते आणि रांपणकाराची उपजीविका वाहणारी होडी ‘जुनाट’ ठरते, हा न्याय आम्हांस उमजत नाही.

आपल्या देवस्थानांनी मात्र नौकेस परके मानले नाही. म्हादईच्या खोऱ्यात नौकारूढ देवीच्या पाषाणमूर्ती आहेत. बोरीवलीनजीक एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांची युद्धनौका कोरलेली आहे. त्रिपुरारी पौर्णिमेस साखळीजवळील विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात लोक हाताने घडविलेल्या नौका सोडतात व त्यांची स्पर्धा लावतात.

मूर्ती आणि वीरगळ शिल्लक राहतील. शिवणाऱ्या हातांचे तसे नाही. १९८०-८१ मध्ये ओमानहून कॅन्टनला गेलेले ‘सोहार’ शिवावयास लक्षद्वीपचे लोक न्यावे लागले. २०१० मध्ये सिंगापूरला गेलेल्या ‘ज्युएल ऑफ मस्कत’च्या वेळी पुन्हा बाबू शंकरन् यांनाच पाचारण झाले. तेच नाव ‘कौंडिण्य’च्या वेळीही पुढे आले. या मोजक्या हातांवर आपण किती काळ विसंबणार? किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या, त्या स्वस्त व टिकाऊ आहेत, त्याबद्दल मच्छीमारांस दोष देता येणार नाही. परंतु काथ्याचे टाके काही काळाने उसवून नवे घालावे लागतात, आणि ‘कौंडिण्य’लाही ते चुकणार नाही.