वाचनाचा आठवडी हिशेब

आठवड्याच्या बाजाराहून घरी परतल्यावर शेतकरी हातपाय धुतो, घोटभर चहा घेतो आणि घरच्या माणसांपुढे पैसे मोजायला बसतो. माळवं कितीला गेलं, मीठमिरचीला किती लागले, उधारी कोणाची राहिली. हा हिशेब मनातल्या मनात करता येणार नाही असे नाही. पण तो घरच्यांपुढे बोलून दाखवला, म्हणजे चूक लपत नाही आणि पुढच्या बाजाराला काय करायचे तेही ठरते. आज मला अशाच एका हिशेबाविषयी आपल्याशी बोलायचे आहे. तो पैशाचा नव्हे, वाचनाचा. आणि त्याची सुरुवात मला माझ्याच एका लबाडीपासून करावी लागणार आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली, पुढे त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवले, तेथे १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले आणि १९१५ साली ते छापून निघाले, हे मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. एकदा तास संपल्यावर खेड्यातून आलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या घरी आजोबांची प्रत होती. तो म्हणाला, “सर, सातव्या प्रकरणाशी माझी गाडी अडली आहे, कापिलसांख्याशी. आपण ते प्रकरण कसं पार केलंत?”

मी म्हणालो, “चिकाटी धर, होईल.”

खरी गोष्ट अशी, की मी पहिली दोन प्रकरणे आणि शेवटचा उपसंहार एवढेच वाचले होते. सातव्या प्रकरणापर्यंत मी कधी पोचलोच नव्हतो. मुलगा मान हलवून गेला, पण मला रात्री झोप लागेना. ज्या ग्रंथाची जन्मतारीख मी पोरांकडून पाठ करून घेत होतो, तो ग्रंथच मी वाचला नव्हता. दरवर्षी जूनमध्ये मी संकल्प करीत असे, की यंदा आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न पुस्तके वाचायची. जुलै उजाडेपर्यंत संकल्पाची आठवणसुद्धा राहत नसे. चूक कोठे होत होती? ती मला इतिहासानेच दाखवली, आणि तीही तुरुंगांच्या इतिहासाने.

प्रथम गांधीजींची गोष्ट घेऊ. लोकमान्यांनी त्यांना गीतारहस्याच्या मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही प्रती भेट दिल्या होत्या, आणि मूळ मराठी जमले नाही तरी भाषांतर तरी वाचा असे सांगितले होते. तरी बाहेरच्या धावपळीत गांधीजींना ते वाचणे झाले नाही. पुढे तुरुंगात गेल्यावर त्यांनी त्याचे गुजराती भाषांतर वाचले. ही कबुली त्यांनी आपल्या ‘अनासक्तियोग’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत स्वतःच दिलेली आहे. तेव्हा श्रोतेहो, कपाटात पुस्तक आहे पण वाचून झालेले नाही, ही लाज केवळ तुमच्याआमच्या वाट्याला आली आहे असे समजू नका.

१८ मार्च १९२२ रोजी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याजवळ येरवड्याला आणले. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस तेथे विद्यार्थ्यासारखा अभ्यासाला बसला. दिवसाचे सहा तास लिहिण्यावाचण्याला आणि चार तास कातण्यापिंजण्याला अशी त्यांनी वाटणी केली. गिबनचा रोमन साम्राज्याचा भला मोठा इतिहास वाचला, गुजरातीतून महाभारत वाचले, उर्दू आणि तमिळ शिकायला घेतली. आणि आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट ही, की ते रोजनिशीत टिपून ठेवीत: आज अमुक पुस्तक संपवले, आज तमुक सुरू केले. त्या टिपणांत फुलोरा काही नाही. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारख्या त्या कोरड्या नोंदी आहेत. पण त्या नोंदींमुळेच वाचन पुढे सरकत राहिले असावे, असे मला वाटते.

हा अभ्यास पुरा झाला नाही. आंत्रपुच्छाच्या दुखण्याने १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिले. सहा वर्षांचा आखलेला बेत दोन वर्षांच्या आतच तुटला. त्याच वर्षी ‘यंग इंडिया’ या आपल्या साप्ताहिकात तुरुंगातले अनुभव लिहिताना त्यांनी काय काय वाचले तेही लोकांपुढे मांडले. झालेले सांगितले, तसे राहिलेलेही सांगितले. हिशेब म्हणजे फुशारकी नव्हे, तो असा असतो. जमेची बाजू तेवढी वाचून दाखवली आणि बाकी झाकून ठेवली, तर त्याला हिशेब कोण म्हणेल?

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर ते पुन्हा येरवड्यात आले. या वेळी त्यांनी आठवड्याचा एक वारच धरला. २२ जुलै १९३० पासून दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते आश्रमातल्या मंडळींसाठी एकेका व्रतावर पत्र लिहीत. त्या पत्रांचे पुढे ‘मंगलप्रभात’ हे पुस्तक झाले. व्रतांमागून गीतेचा एकेक अध्याय सोप्या शब्दांत सांगणारी पत्रे त्यांनी लिहिली. लिहिणारा गजांआड, वाचणारे दूर साबरमतीला. पण वार ठरलेला होता आणि पलीकडे कोणीतरी वाट पाहत होते.

आता आपण खानदेशात, धुळ्याला येऊ. तेथल्या तुरुंगात जे घडले, ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

त्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. विनोबांच्या आईला गीता समजून घ्यायची ओढ होती, पण संस्कृत कळेना. विनोबांनी एक मराठी पद्यानुवाद आणून दिला, तोही तिला जड गेला. तेव्हा ती माऊली म्हणाली, की मग तूच का नाही सोपी करून देत? आई १९१८ साली गेली. तिचे शब्द मुलाच्या मनात राहिले. ७ ऑक्टोबर १९३० ला विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली. दिवस मोजले तर ते १२३ भरतात. गीतेचे श्लोक ७००. म्हणजे दिवसाला सरासरी सहा श्लोकसुद्धा पडत नाहीत! एवढ्याशा रोजच्या वाट्यातून महाराष्ट्राच्या घराघरांत गेलेले पुस्तक उभे राहिले.

१९३२ साली सत्याग्रहात विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. बरोबर सत्याग्रहात पकडले गेलेले नाना तऱ्हेचे लोक होते. तेथे ठरले, की दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर विनोबांनी बोलायचे. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ ला झाले आणि शेवटचे १९ जूनला. मी पंचांगाशी ताडून पाहिले. दोन्ही दिवस रविवारच आहेत आणि त्या दोहोंमध्ये, टोकांचे धरून, बरोबर अठरा रविवार येतात. अठरा अध्याय, अठरा रविवार. एकही आठवडा वाया गेला नाही.

शिक्षक बंधूभगिनींनो, येथे एक बारकावा आहे, त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. गीतेचे अध्याय सारख्या लांबीचे नाहीत. दुसऱ्यात ७२ श्लोक, अठराव्यात ७८, तर बाराव्यात आणि पंधराव्यात वीस-वीसच. म्हणजे वाटा कधी लहान, कधी मोठा. पण वार मात्र हलला नाही. आपण नेमके उलटे करतो. ‘इतकी पाने झाली की मग सांगेन’ असे म्हणतो, आणि ती पाने काही होत नाहीत. वार धरून ठेवला, की पाने आपोआप त्याच्या मागून येतात.

आणि दुसरी गोष्ट. ती प्रवचने ऐकायला पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी होते. विनोबा बोलत आणि गुरुजी लिहून घेत. तो आवाज पकडून ठेवणारे यंत्र तेथे नव्हते. एका शिक्षकाचा हात तेवढा होता. त्या हाताने कंटाळा केला असता, तर ते अठरा रविवार तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेले असते. आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक भारतातल्या अनेक भाषांत वाचले जाते, ते त्या लिहिण्यामुळे. वाचणारा, ऐकणारा आणि टिपून घेणारा, अशी तिघांची मिळून ही गोष्ट आहे.

असो. तुम्ही म्हणाल, हे थोरामोठ्यांचे झाले, आमच्या गावात हे कसे व्हावे? पण गावाला ही रीत नवी कोठे आहे? श्रीधरस्वामींनी अठराव्या शतकाच्या आरंभी हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप लिहिले. हरिविजयाचे अध्याय ३६, रामविजयाचे ४०, पांडवप्रतापाचे ६४. श्रावणात, चातुर्मासात देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर रात्री पोथी लागायची. वाचता येणारा गावात एखादाच, ऐकणारे शंभर. पोथी कोठवर आली हे साऱ्या गावाला ठाऊक असे. वाचणाऱ्याला ताप आला तर लोक दुसरा शोधीत, पण पोथी अर्धी राहू देत नसत. गुरुचरित्राच्या सप्ताहात तर कोणत्या दिवशी कोठे थांबायचे हेही परंपरेने बांधून दिलेले असते. वाचता न येणाऱ्या आपल्या आजीला पांडव कोणत्या वनात पोचले ते माहीत होते. आणि वाचता येणाऱ्या आपल्याला, हातातले पुस्तक कोणत्या पानावर सोडले ते आठवत नाही!

आता माझ्या लबाडीचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला बोलावले आणि म्हणालो, “काल मी तुला खरं सांगितलं नाही. सातवं प्रकरण मीही वाचलेलं नाही.” तो गोंधळला. काय बोलावे ते त्याला सुचेना. मीच म्हणालो, “आता असं करू. दर शनिवारी दुपारी इथेच भेटायचं. तू कुठवर आलास ते तू सांग, मी कुठवर आलो ते मी सांगतो.” एक साधी वही घातली. तारीख, प्रकरण, आणि काय समजले याची एक ओळ, एवढेच.

गीतारहस्याची प्रकरणे पंधरा. पंधरा शनिवारांत संपेल असा माझा हिशेब. तिसऱ्याच शनिवारी मी रिकाम्या हाताने गेलो. घरी पाहुणे होते, परीक्षेचे पेपर होते, सबबी पुष्कळ होत्या. पण समोर तो मुलगा वही उघडून बसलेला. “झालं नाही,” असे विद्यार्थ्यापुढे म्हणणे किती अवघड असते, ते शिक्षकालाच कळेल. वहीत तसेच लिहिले: ‘वाचन झाले नाही.’ नवव्या, अध्यात्माच्या प्रकरणाने माझे तीन आठवडे घेतले. सातवे प्रकरण मात्र आम्ही दोघांनी मिळून पार केले, आणि खरे सांगायचे तर त्यात त्याने मला जास्त ओढले. शेवटी पंधराच्या जागी बावीस शनिवार लागले. पण उपसंहार मी जेव्हा पुन्हा वाचला, तेव्हा तो मला प्रथमच वाचल्यासारखा वाटला. ज्या चौदा प्रकरणांवर तो उभा आहे, ती आता माझ्या पायाखाली होती.

मंडळी, यात कोणतीही विद्वत्ता नाही. रोज दहा पाने वाचली तर आठवड्याची सत्तर होतात, आणि वर्षाची साडेतीन हजारांच्या वर. तीनशे पानांची बारा पुस्तके त्यात आरामात बसतात. बावन्न पुस्तकांची प्रतिज्ञा करून एकही न वाचण्यापेक्षा हे बारा काय वाईट? नुकतीच अक्षरओळख झालेल्या मावशींनी आठवड्याला एक पान वाचावे, तेही वहीत लिहिण्याजोगेच आहे. शिकलेली अक्षरे न वापरल्याने पुसून जातात, हे गावोगावच्या शिक्षकांना मी सांगायला नको. शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की शनिवारच्या शाळेत मुलांना ‘काय वाचलंत?’ असे विचारण्याआधी, आपण त्या आठवड्यात काय वाचले ते फळ्यावर एका ओळीत लिहावे. काही वाचले नसेल, तर तेही लिहावे. मुले हसतील, हसू द्या. पुढच्या शनिवारी ती फळ्याकडे आधी पाहतील.

वार ठरवावा, वाटा लहान ठेवावा, आणि ज्याच्यापुढे खोटे बोलवणार नाही असा एक माणूस शोधावा. मंडाले, येरवडा आणि धुळे येथे माणसांना पुस्तके भेटली, कारण बाहेरचे सारे दरवाजे बंद होते. आपले दरवाजे उघडे आहेत, म्हणून आपल्याला वहीचा आणि वाराचा एवढा पहारा हवा. पुढच्या बाजाराच्या दिवशी माळव्याचा हिशेब झाला, की घरात एकमेकांना एवढेच विचारा: पुस्तक कुठवर आलं?