तरंगत्या सागरी अवशेषांचा उपग्रहीय मागोवा

त्सुनामी, चक्रीवादळ किंवा जहाजांच्या अपघातानंतर समुद्रात पसरलेले तेल, कंटेनर, लाकूड, प्लास्टिक इत्यादी कोणत्या किनाऱ्याला लागेल, याचा उपग्रहांच्या नोंदींवरून अंदाज बांधण्याच्या पद्धतीला तरंगत्या सागरी अवशेषांचा उपग्रहीय मागोवा म्हणतात. बहुतेक वस्तू उपग्रहाला प्रत्यक्ष दिसत नाहीत. त्यांना वाहून नेणारे प्रवाह व वारे मोजून त्यांचा मार्ग गणिताने काढला जातो.

कार्यपद्धती

रडार अल्टिमीटर समुद्रपृष्ठाची उंची काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजतो. पृष्ठाचा उतार आणि पृथ्वीचे परिवलन यांवरून मोठ्या प्रवाहांची दिशा व वेग कळतो. भारत व फ्रान्स यांनी २०१३ मध्ये सोडलेल्या 'सरल' उपग्रहावर असे उपकरण बसवले होते. वाऱ्याचे मापन स्कॅटरोमीटर करतो; तो ओशनसॅट-२ (२००९) व ओशनसॅट-३ (२०२२) या उपग्रहांवर बसवण्यात आला. पाण्याबाहेर बराच भाग असलेला कंटेनर वाऱ्याने अधिक ढकलला जातो, तर जवळजवळ बुडालेला ओंडका मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो. तेलाचा तवंग प्रवाहाबरोबर वाहतोच, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतो.

तेलामुळे पाण्यावरील बारीक लाटा शमतात, म्हणून रडार प्रतिमेत तवंग काळसर दिसतो. ही प्रतिमा रात्री व ढगांतूनही घेता येते.

भारतातील घटना

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडले आणि सुमारे ३०० कंटेनर समुद्रात पडले. तरंगत्या कंटेनरांच्या धोक्यामुळे मुंबई व जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. पावसाळी ढगांमुळे अशा वेळी साध्या छायाचित्रणाचा उपयोग मर्यादित राहतो. मे २०२५ मध्ये सुमारे ६४० कंटेनर वाहणारे एमएससी एल्सा-३ हे जहाज कोचीजवळ बुडाले, तेव्हा हैदराबादच्या 'इन्कॉइस' या राष्ट्रीय संस्थेने अवशेषांच्या संभाव्य मार्गाचे अंदाज दिले.

मर्यादा

किनाऱ्यालगत जमिनीच्या परावर्तनामुळे अल्टिमीटरच्या नोंदी बिघडतात आणि भरती-ओहोटीचे प्रवाह तासातासाला पालटतात. त्यामुळे खाड्या, कांदळवने व मासेमारीची ठिकाणे असलेल्या पट्ट्यातच अंदाज सर्वांत कमी भरवशाचा ठरतो. तेथे किनारी रडार, तरंगते बोये, विमाने व नौका यांच्याद्वारे पडताळणी करावी लागते. बुडालेले कंटेनर शोधण्यासाठी सोनार वापरतात.