डीनच्या जंगलातील सायकलची वाट

इंग्लंडच्या पश्चिम भागात, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या बेचक्यात, डीनचे जंगल पसरलेले आहे. या जंगलातून दहा-अकरा मैलांची एक गोल वाट जाते. तिच्यावर मोटारींची वर्दळ नाही. आठ-दहा वर्षांचे पोर आणि त्याचे आजोबा ती सायकलवरून बरोबरीने पुरी करू शकतात. दोन्ही अंगांना ओक आणि सूचिपर्णी झाडांची दाटी, मध्ये तळी, कोठे रानडुकरांनी उकरलेली माती. पाहणाऱ्यास वाटावे, सरकारने लोकांच्या विरंगुळ्यासाठी ही वाट मोठ्या हौसेने मुळापासून आखली असेल. तसे नाही. ती मूळची कोळशाची वाट आहे. आणि हे जंगल सर्वांचे राहावे म्हणून दोनशे वर्षे जी ओढाताण झाली ती ध्यानात घेतल्यावाचून या वाटेचा इतिहास कळावयाचा नाही.

प्रथम वाटेविषयी. चढ कोठे आहे हे सायकलस्वाराच्या मांड्यांना बरोबर कळते. आगगाडीचेही तसेच आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यामागे कोळशाने भरलेल्या वाघिणी; चढ थोडा खडा झाला की चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणून रूळ टाकणारे लोक टेकडी फोडतात, खळगे भरतात, वळसा घेतात, पण चढ बेताचाच ठेवतात. १८१० च्या सुमारास सेव्हर्न अँड वाय कंपनीने घोड्यांनी ओढावयाच्या वाघिणींसाठी या जंगलात रूळ टाकले. पुढे घोडे जाऊन वाफेचे इंजिन आले. उतारूंच्या गाड्या १९२९ सालीच बंद झाल्या. कोळसा मात्र जात राहिला. नंतर खाणीही एकामागून एक मिटल्या. ट्रफाल्गर १९२५ साली, फॉक्सेस ब्रिज १९३० साली, लाइटमूर १९४० साली, न्यू फॅन्सी १९४४ साली, कॅनप १९६० साली. शेवटची मोठी खाण नॉर्दर्न युनायटेड १९६५ च्या नाताळात बंद पडली. रूळ उचलले गेले, पण खोदलेली आणि भरलेली जमीन कोण उचलणार? तिच्यावर बारीक खडी दाबून बसवली की सायकलची वाट झाली. आज जी मंडळी धाप न लागता पायटे मारतात, त्यांचा चढ कोणी तरी फावड्याने आधीच कापून ठेवलेला आहे. न्यू फॅन्सीच्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगावर आता झाडी आहे आणि लोक त्यावर चढून जंगल न्याहाळतात.

आता जंगलाविषयी. डीन हे मूळचे राजाचे शिकारीचे रान. परंतु तेथील रहिवाशांचे त्यावर जुने वहिवाटीचे हक्क होते. मेंढ्या चारणे, डुकरांना ओकची फळे खाऊ घालणे, आणि सर्वांत विलक्षण म्हणजे खाण खणणे. सेंट ब्रिएव्हल्स या परगण्यात जन्मलेला, एकवीस वर्षे पुरी केलेला आणि तेथील खाणीत एक वर्ष व एक दिवस राबलेला मनुष्य स्वतःची खाण मागू शकतो. त्यास 'फ्रीमायनर' म्हणतात. हा हक्क १८३८ च्या कायद्याने लेखी झाला आणि अद्याप चालू आहे. २०१० साली त्या नोंदवहीत प्रथमच एका स्त्रीचे नाव चढले. खाणीत राबेल त्याची खाण! आमच्या कामगार सभांत हे सांगितले तर ऐकणाऱ्यांस ते कल्पित वाटेल.

या हक्कांवर घाला आला तो आरमाराच्या निमित्ताने. १८०२ साली नेल्सन डीनमध्ये येऊन गेला आणि जहाजांना लागणारा ओक येथे संपत चालला आहे अशी त्याने तक्रार केली. १८०८ च्या कायद्याने अकरा हजार एकर रान कुंपणाआड गेले आणि त्यात ओक लावले गेले. रोपे मोठी झाली, मेंढ्यांच्या तोंडापासून सुरक्षित झाली, म्हणजे कुंपणे निघतील असा वायदा होता. वीस वर्षे लोटली, झाडे वाढली, कुंपणे जागेवरच. जून १८३१ मध्ये वॉरन जेम्स नावाच्या खाणकऱ्याने जंगल खुले करण्यासाठी जमण्याची छापील नोटीस लावली. लोक कुदळी-कुऱ्हाडी घेऊन आले आणि थोड्याच दिवसांत मैलोगणती कुंपण जमीनदोस्त झाले. अखेर लष्कर बोलावावे लागले. जेम्सला फाशीची शिक्षा झाली. ती बदलून त्यास आजच्या टास्मानियात काळ्या पाण्यावर धाडले. १८३६ साली माफी मिळाली, पण तो घरी परतला नाही. १८४१ साली तिकडेच वारला. आणि ज्या ओकांपायी हे घडले त्यांची जहाजे झालीच नाहीत. झाडे जून होईतो आरमार लोखंडाचे झाले होते! त्या लागवडीतील ओक अजून उभे आहेत, आणि त्यांची सावली सायकलस्वारांस मिळते.

वनशास्त्राच्या बाबतीत येथे आपल्या देशाचाही धागा लागतो. १८९७ साली डीनच्या जंगलाची कार्ययोजना तयार केली ती हिंदुस्थानच्या वनखात्यात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने. त्याच वनखात्याच्या हाती १८७८ चा वनकायदा होता. ठाणे-कुलाब्याकडील रयतेच्या गाऱ्हाण्यांमुळे मुंबई सरकारास १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला तो याच काळातला. झाडे मोजण्याची विद्या दोन्हीकडे एकच. ज्यांची गुरे त्या झाडांखाली चरत, त्यांचे म्हणणे दोन्हीकडे मागाहून ऐकले गेले.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लाकूड अडले आणि खाणींना टेकू देण्यासही लाकूड पुरेना, तेव्हा ब्रिटनने १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन केले. डीनचे जंगल १९२४ साली त्याच्या ताब्यात आले आणि १९३८ साली इंग्लंडमधील पहिले राष्ट्रीय वनोद्यान झाले. हे जोपासलेले रान आहे, रानवट नव्हे. झाडे दाट लावावयाची, काही वर्षांनी विरळणी करावयाची, उरलेली वाढवून तोडावयाची, पुन्हा लावावयाची. तोडलेले ओंडके नेण्यासाठी खडीचे पक्के रस्ते लागतात, त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी चर लागतात. सायकलची वाट जेथे जुना रूळमार्ग सोडते तेथे ती याच लाकडाच्या रस्त्यांवर येते. ही वाट करमणुकीची खरी, पण तिच्याखाली लाकूडतोड्याचा धंदा आहे. तो धंदा थांबला तर रस्त्याची डागडुजी कोणाच्या खर्चाने व्हायची, हा प्रश्न आहे.

सायकल हे तेथेही एके काळी कामगाराचे वाहन होते. १८९४ साली बर्मिंगहॅमच्या काही तरुणांनी 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या नावाने सायकल मंडळ काढले. रविवारी गावोगाव हिंडावे, पत्रके वाटावी, सभा घ्यावी असा त्यांचा परिपाठ. परंतु रस्त्यांवर पुढे मोटारी आल्या आणि रानातली पायवाट सायकलला बंद होती. १८८८ च्या कायद्याने सायकल ही 'गाडी' ठरली होती, म्हणजे जागा सडकेवरची. १९६८ च्या कायद्याने प्रथमच घोडेवाटांवर सायकल नेण्याचा हक्क मिळाला. तोही पायी चालणारास आणि घोडेस्वारास आधी वाट देण्याच्या अटीवर.

इतके झाल्यावरही जंगल विकण्याचा विचार सरकारांच्या मनातून गेला नाही. १९८१ साली सार्वजनिक वने विकण्याची मोकळीक देणारा कायदा झाला. त्यातून डीनला वगळावे लागले. २०१० च्या अखेरीस लंडनच्या सरकारने इंग्लंडची सार्वजनिक वने खासगी हाती देण्याचा बेत मांडला. तेव्हा डीनमध्ये 'हँड्स ऑफ अवर फॉरेस्ट' ही मोहीम उभी राहिली. जानेवारी २०११ मध्ये स्पीच हाउसजवळ, थंडीत, हजारो माणसे जमली. देशभरच्या अर्जावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. १७ फेब्रुवारी २०११ रोजी मंत्र्यांनी पार्लमेंटात बेत मागे घेतला. या गर्दीत खाणकरी होते, मेंढपाळ होते, आणि रविवारी मुलांना सायकलवर फिरवणारे सामान्य लोकही होते. १८३१ साली कुंपण तोडणाऱ्यांस काळे पाणी मिळाले. १८० वर्षांनी त्याच रानासाठी आलेल्यांपुढे मंत्री नमले.

तरी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण संघटनेच्या कामात आम्हांस ती रोज समजावून सांगावी लागते. सवलत वेगळी आणि हक्क वेगळा. २००० सालच्या कायद्याखाली फॉरेस्ट्री कमिशनने आपल्या पुष्कळ वनांत पायी हिंडण्याचा हक्क लोकांस कायमचा दिला. त्या कायद्याच्या हक्कातून वाहन वगळले आहे, आणि सायकल हे वाहन. म्हणून डीनच्या त्या गोल वाटेवर चालणाऱ्याचे पाय आणि सायकलचे चाक यांची कायद्यातली जागा सारखी नाही. चाक मुभेवर चालते. तोडीचे काम निघाले की वाटेवर पाटी लागते, ओंडक्यांच्या मोटारी येतात आणि सायकली दुसऱ्या फाट्याने वळवल्या जातात. पाटी केव्हा काढावयाची ते वनखाते ठरवते.