चौथा मोह
२९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट यांचा दुसऱ्या हेन्री राजाच्या चार सरदारांनी वध केला. त्याच कॅथीड्रलच्या सभागृहात १९३५ च्या जूनमध्ये टी. एस. एलियट यांचे ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ हे काव्यनाटक प्रथम झाले. त्यातील पहिले तीन मोह बेकेट सहज झिडकारतात. चौथा मात्र त्यांच्याच मनातले बोलतो : हौतात्म्य पत्करा, थडग्यापाशी यात्रा भरेल! मग प्राण देणे ही प्रभूची सेवा, की कीर्तीची हाव? श्रद्धावंताला याहून बिकट शंका नसावी. कँटरबरीच्या गरीब स्त्रिया तर एवढेच विनवितात, की आर्चबिशपांनी फ्रान्सला परत जावे. त्यांची भीती अनाठायी नव्हती. वधानंतर सरदार प्रेक्षकांपुढे येऊन आपली बाजू मांडतात. ती काहीशी पटतेही! बेकेट ११७३ मध्ये संत ठरले आणि थडग्यापाशी यात्रा खरोखरच भरू लागली.