क्षेत्र आणि बीज

आमच्या घरी दोन आज्या होत्या आणि मूल एकीलाही झाले नव्हते. माझे वडील दत्तक आलेले. थोरल्या आजीने सोळा सोमवार केले, नरसोबाच्या वाडीस औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या, त्र्यंबकेश्वरी नागबळी केला. (तेवढ्या विधीला आजोबा शेजारी बसले, तिथे यजमान लागतोच!) मग वैद्यबुवांचा कडू काढा. बारा वर्षांनी, १९४२ साली, धाकटी आली. तिलाही पुढे तोच काढा सुरू झाला. आजोबांच्या खतावणीत वैद्यबुवांच्या नावे जो खर्च पडला आहे तो सगळा या दोघींचा. आजोबांची नाडी कोणी पाहिली नाही.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्याविवाहाला बंदी झाली. धाकटी आजी म्हणे, "कायद्याला चार वर्षं उशीरच झाला हो!" आणि थोरलीकडे बघून हसे.

मी कादंबऱ्या लिहिणारा शिक्षक. माझे संस्कृत मॅट्रिकपुरते. तरी सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान मराठी अर्थासह वाचले आणि चकित झालो. गर्भ राहायला ऋतू, क्षेत्र, पाणी आणि बीज अशा चार गोष्टी लागतात, असे तिथे पेरणीचा दाखला देऊन सांगितले आहे. तो अध्याय तर सुरूच होतो पुरुषाच्या दूषित शुक्रापासून. म्हणजे शास्त्राला ठाऊक होते. आमच्या गावचा कुणबीसुद्धा रान उगवले नाही तर आधी बियाणे तपासतो. घरात आला की मात्र रानालाच दोष देतो.

राजवाडेही याहून वेगळे नव्हते. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले. राण्या अनेक, मागे पुत्र नाही. डलहौसीने पुढल्याच वर्षी राज्य खालसा केले.

वास्तविक, डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले ते १६७७ साली. त्या तपासणीला ना शस्त्र लागते, ना भूल. उलट स्त्रीच्या नलिका क्षयाने वा दुसऱ्या एखाद्या रोगाने बंद झाल्या आहेत का, हे पाहायचे तर केवढी यातायात! तरी दवाखान्याची पायरी आधी तीच चढते.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून परीक्षानळीतल्या गर्भाचे बाळ जन्मले, तेव्हा थोरली आजी हयात होती. तिने वर्तमानपत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू बीजांडात टोचून गर्भ राहिल्याचे जाहीर केले. उपाय पुरुषाच्या उणिवेवर, सुया मात्र बायकोला!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. त्यात बाईही आल्या, पुरुषही आले.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एक बाई चौथ्यांदा रजेचा अर्ज घेऊन आल्या. तपासणीसाठी शहरात जायचे होते. धीर करून मी विचारले, "यजमानांची तपासणी झाली का?"

त्यांनी अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "ते म्हणतात, आधी तुझं सगळं होऊ दे."