मुलुंड की ठाणे? : एका शिवेचा इतिहास

मुंबईत नोकरी आणि उपनगरात घर, अशा रीतीने ज्यांनी आपला संसार मांडला त्यांपैकी मध्य रेल्वेच्या बाजूच्या कुटुंबांना एक प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच : जागा मुलुंडात घ्यावी की ठाण्यात? दोन्ही स्टेशनांमधील अंतर जेमतेम ३ किलोमीटर. मुलुंड पूर्वेची एखादी गल्ली आणि ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी गल्ली यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांतली कोणती कुठली हे तिथला रहिवासीच सांगू शकेल. तीन-चार मजल्यांच्या सोसायट्या, तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना आणि वाण्याचे दुकान, कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र, दारांवरच्या पाट्यांवर तीच तीच आडनावे. अशा वस्त्यांतून निवड करताना माणूस खोल्या मोजतो, स्टेशन चालत किती मिनिटांवर आहे ते घड्याळ लावून पाहतो आणि भावात घासाघीस करतो. ते योग्यच आहे. परंतु या दोन वस्त्यांमधून एक शीव गेलेली आहे. घर घेणाऱ्याच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांवर तिचा जो परिणाम होतो, तो एका जादा खोलीपेक्षा मोठा असतो. म्हणून त्या शिवेचा इतिहास आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

पहिली गोष्ट ही की, ही शीव निसर्गाने घातलेली नाही. मुलुंड आणि ठाणे ही दोन्ही गावे साष्टी बेटावरची. निसर्गाची सीमा ठाण्याच्या पलीकडे, खाडीपाशी आहे. वयाने पाहिले तर ठाणे कितीतरी थोरले. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे ते राजधानीचे ठिकाण. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ साली मराठ्यांनी ते घेतले, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांपासून हिसकावले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी येऊन थांबली ती ठाण्यात. १८६३ साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली, आणि १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या, न्यायालय, तुरुंग हे सगळे तेथे होतेच.

मुलुंड त्या मानाने कालचे पोर. त्याच्या पश्चिम भागाची आखणी १९२२ साली क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी केली. स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंत आजही जे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते दिसतात ते त्या आखणीचे. ठाण्याचे रस्ते तळ्यांना आणि देवळांना वळसे घालीत जातात, मुलुंडचे रस्ते पट्टी धरून ओढलेले आहेत. थोरल्या गावाला स्वतःचा कारभार होता आणि धाकट्याला तो तितका जुना नव्हता. पुढे जे घडले त्याचे बीज माझ्या मते येथेच आहे.

आता घर 'विकत घेण्याच्या' प्रश्नाकडे येऊ, कारण हा प्रश्न स्वतःच फार जुना नाही. आपले आजोबा गिरगावात किंवा दादरला भाड्याने राहिले. बिऱ्हाड आवडले नाही तर हातगाडीवर सामान टाकून दुसऱ्या चाळीत जाता येत असे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. राहत्या भाडेकरूला त्याने मोठे संरक्षण दिले यात वाद नाही. पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधण्याचे कारण मालकापाशी उरले नाही. नवे लग्न झालेल्या कारकुनाला एक तर पागडी मोजणे भाग पडले, नाही तर मालकी हक्काचा ब्लॉक घेणे. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा कायदा यांनी या दुसऱ्या मार्गाला कायद्याची वाट करून दिली. बिऱ्हाड बदलता येत होते. प्रॉव्हिडंट फंड आणि बायकोचे दागिने घालून घेतलेला ब्लॉक बदलता येत नाही. गाव चुकले तर ते जन्माचे चुकते, ही भीती त्या पिढीच्या वाट्याला प्रथमच आली.

आणि नेमकी त्याच सुमारास शीव पडली. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द वाढली ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि या बाजूला भांडुपपर्यंत. १ फेब्रुवारी १९५७ पासून ती आणखी पुढे सरकली : तिकडे दहिसर, इकडे मुलुंड. तेथेच ती थांबली. पुढे उभे होते ठाणे, शंभर वर्षांकडे झुकलेल्या नगरपालिकेचे गाव आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे. त्याला पोटात घेणे सोपे नव्हते. ठाणे आपल्या पायावर वाढले, १ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याची स्वतंत्र महानगरपालिका झाली. मुलुंड मात्र मुंबईचे शेवटचे टोक झाले. मुलुंडकर पत्त्यावर 'मुंबई ८०' किंवा 'मुंबई ८१' असे लिहू लागला, आणि त्या दोन आकड्यांचे मोल विवाहाच्या बोलण्यांतसुद्धा धरले जाई हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल.

पत्त्याचा मान सोडा, नळाचे पाहा. मुंबईला तानसाचे पाणी १८९२ पासून येते. तानसा धरण ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात. तिथून निघालेले प्रचंड नळ ठाणे शहरातून पुढे मुलुंडात शिरतात. म्हणजे पाणी जिल्ह्याचे, वाट ठाण्याच्या अंगणातून, आणि हक्क मुंबईचा! ठाण्याला आपली तहान भागविण्यासाठी मुंबई महापालिकेकडून काही हिस्सा, औद्योगिक विकास महामंडळाकडून काही, शहाड-टेमघर योजनेतून काही, काही स्वतःच्या योजनेतून अशी गोळाबेरीज करावी लागते. घर पाहायला गेलेला माणूस नळ सोडून पाहतो, पाणी येते आहे म्हणून समाधान पावतो. ते पाणी कोणाच्या हिशेबातले, हे त्या नळावर लिहिलेले नसते.

विजेची गंमत उलटी आहे. मुंबई शहराला बेस्ट वीज देते, पण मुलुंडला ती पूर्वी राज्य विद्युत मंडळाची आणि २००५ नंतर महावितरणची, म्हणजे जी ठाण्याला तीच. रेल्वेही महापालिकेची हद्द जाणत नाही. उलट येथे ठाणेकराचेच पारडे जड आहे. जलद गाडी ठाण्याला हमखास थांबते, मुलुंडला सगळ्या थांबत नाहीत. शिवाय कित्येक लोकल ठाण्याहूनच सुटतात, तेव्हा बसायला जागा मिळते. सकाळी मुलुंडचे काही चतुर लोक आधी उलटे ठाण्याला जाऊन जागा धरून येतात, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला दोन गावांच्या नात्याविषयी निराळे व्याख्यान नको.

मुंबईत असण्याची किंमतही मुलुंडने भरली आहे. १९६७ साली मुंबई महापालिकेने मुलुंड पूर्वेला कचराभूमी उघडली. ज्यांनी 'मुंबईची महापालिका' म्हणून त्या बाजूला जागा घेतल्या, त्यांच्या खिडक्यांतून त्याच महापालिकेच्या कचऱ्याचा वास पन्नास वर्षे आला. ती भूमी ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाली. जागा दाखवणारा दलाल वाऱ्याची दिशा पाहूनच वेळ ठरवीत असे, असे लोक म्हणतात. खरे-खोटे दलाल जाणे.

ठाणेकराला शीव भेटली ती नाक्यावर. जकात १ जुलै २०१७ ला गेली तरी रिक्षावाल्याला आपण अजून 'चेकनाका' असेच सांगतो. त्याआधी २००२ पासून मुंबईच्या वेशींवर पथकर सुरू झाला होता. मोटारीने मुंबईत कामाला जाणारा ठाणेकर वर्षानुवर्षे आपल्याच बेटावर फिरण्याचे पैसे मोजीत राहिला. मुलुंड पूर्वेच्या हरिओम नगराची दशा तर अधिक चमत्कारिक : महापालिका मुंबईची, मत मुंबईचे, पण वस्ती नाक्याच्या ठाण्याकडच्या अंगाला! हलक्या वाहनांना ही सूट मिळाली ती १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून.

मग निवड कशी करावी? १९७० सालच्या मध्यमवर्गीय कुटुंबाने मला विचारले असते तर मी मुलुंड सांगितले असते, कचराभूमीपासून जरा लांब पाहून. महापालिकेची शाळा, इस्पितळ, बेस्टची बस आणि नळ ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आज तसे छातीठोकपणे सांगवत नाही. ठाण्याची परिवहन सेवा १९८९ पासून आहे, गडकरी रंगायतन १९७८ पासून उभे आहे, आणि मुंबईतल्या कितीतरी लोकांना आता कामासाठी ठाण्यात यावे लागते. मुलुंडच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे : मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. लहान जागेत राहणाऱ्या निवृत्त माणसाला ती दरवर्षी जाणवते.

आणि एक पाहणी शिवेच्या दोन्ही बाजूंना सारखीच करावी लागते, ती कागदांची. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिकेच्या हद्दीत, मुंब्र्याजवळ शीळफाट्याला एक अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्या इमारतीतही बिऱ्हाडे राहत होती. परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र ही दोन कागदपत्रे महापालिकेच्या कचेरीत मागता येतात. २०१७ पासून नव्या प्रकल्पांची नोंद महारेराच्या दप्तरीही पाहता येते. अर्ज मात्र ज्या हद्दीत जागा आहे त्याच कचेरीत करावा लागतो, आणि चेकनाक्याजवळच्या काही गल्ल्यांत ती कचेरी कोणती, हे आधी विचारून घ्यावे लागते.